आवाज गेलेला स्पीकर

धारा काढून, स्वयंपाक आटोपून जरा टेकला असाल. हातात निवडायचे तांदूळ असतील तर चालू द्या, फक्त कान इकडे ठेवा. आज आम्ही बोलणार आहोत जुन्या कॉम्प्युटर स्पीकरबद्दल. मधे एक मोठा लाकडी डबा, त्याला वूफर म्हणतात, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन छोटे स्पीकर, असा हा तिघांचा संसार. दुकानदार त्याला ‘टू पॉइंट वन’ म्हणतो. दोन छोटे आणि एक मोठा, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे हे सेट विकत घेऊन फार कमी आले. शाळेनं नवीन घेतला म्हणून जुना गटाला मिळाला, कुणाचा मुलगा पुण्याला खोली सोडून परत आला तेव्हा कॉम्प्युटरबरोबर घेऊन आला, कुणी दुकान बंद करताना देऊन टाकला. असे ते अंगणवाडीत, देवळाच्या मंडपात, बचत गटाच्या खोलीत येऊन बसले. मोबाइल जोडला की रेडिओचा कार्यक्रम सगळ्यांना एकदम ऐकता येतो, हळदीकुंकवाला गाणी लावता येतात, बँकेच्या माणसानं पाठवलेली माहिती पाठीमागे बसलेल्या म्हाताऱ्या मावशीलाही कळते. मग एक दिवस आवाज जातो. महिनाभर ‘बघू बघू’ होतं, नंतर त्यावर कापड पडतं, आणि कापडावर फुलदाणी.

आम्ही पाचजणी आहोत. तालुक्याला दुरुस्तीचा वर्ग केला आणि आता दर मंगळवारी गटाच्या खोलीत टेबल मांडून बसतो. आधी पंखे, मिक्सर, इस्त्र्या यायच्या, आता हे स्पीकर यायला लागलेत. आलेल्या सेटांपैकी बरेचसे आतून उघडावेही लागत नाहीत. म्हणून वाटलं, घरच्या घरी काय पाहता येईल ते सगळ्यांना सांगावं. तालुक्याला नेलं की ‘हा जुना झाला ताई, नवीन घ्या’ हे उत्तर ठरलेलं असतं. नवीन घ्यायचा तर गटाच्या पेटीतले दोन-अडीच हजार जातात. तेवढ्यात एखादीचं बियाणं होतं.

सगळ्यात आधी जिवाची गोष्ट. या डब्याच्या मागून जी जाड वायर भिंतीच्या सॉकेटात जाते, तिच्यात २३० व्होल्ट असतात. डबा उघडायचा असेल तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटातून ओढून बाहेर काढायची, आणि ती आपल्याला दिसेल अशी पुढ्यात ठेवायची. नाहीतर आपण आत हात घालून बसलेलो असतो आणि पलीकडून कुणीतरी येऊन चार्जर लावायला म्हणून पिना अदलाबदल करतं. पिन काढल्यावर दहा मिनिटं थांबायचं, कारण आतले कंडेन्सर थोडी वीज धरून ठेवतात. ओले हात, शेणानं नुकतीच सारवलेली जमीन, यांच्यावर बसून हे काम करायचं नाही. आणि फ्यूज उडाला तर तिथे तांब्याची तार गुंडाळायची नाही. तेवढ्याच अँपियरचा नवा फ्यूज पाच-दहा रुपयांत मिळतो. तार बांधली की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो जळताना डबाही पेटू शकतो.

आता शोधायचं कसं? तुम्ही सगळ्या दारं धरलेल्या बायका आहात. शेवटच्या वाफ्याला पाणी आलं नाही तर काय करता? लगेच मोटार खोलून बसत नाही. पाटाच्या कडेनं चालत जाता, कुठे फुटलंय, कुठे बांध आडवा आलाय, ते बघता. आवाजाचंही तसंच आहे. मोबाइलमधून तो बारीक वीज होऊन निघतो, वायरीतून डब्यात येतो, डब्यातली आयसी त्याला मोठा करते, तिथून दोन वायरींनी छोट्या स्पीकरपर्यंत जातो, आणि स्पीकरचा कागदी पडदा थरथरला की आपल्याला ऐकू येतो. यातला कुठला टप्पा तुटलाय ते ओळखलं की निम्मं काम झालं. आणि ते ओळखायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.

डब्यावरचा दिवाच लागत नसेल तर गोष्ट सोपी. त्या सॉकेटला दुसरं काही लावून बघा, मोबाइलचा चार्जर लावा. सॉकेट ठीक असेल तर वायर बघा, उंदरानं कुरतडली आहे का, पिनेजवळ मऊ पडली आहे का. मग मागचा फ्यूज. एवढं करूनही दिवा नाही, तर ट्रान्सफॉर्मर किंवा आतलं बटण गेलं असावं, ते काम जाणकाराकडे द्यावं.

दिवा लागतो पण आवाज नाही, हे जास्त वेळा होतं. इथे आधी चुकीच्या जागी शंका घेऊ नका. पुढे पेन ड्राइव्हचं भोक असलेले जे सेट असतात, त्यांना ‘मोड’ नावाचं एक बटण असतं. लाईट जाऊन आली की ते आपोआप ब्लूटूथवर नाहीतर रेडिओवर जाऊन बसतं. आपण वायर लावून वाट बघत बसतो आणि डबा मात्र ब्लूटूथची वाट बघत असतो. मोड बदलला की आवाज आला. मोबाइलचंही तसंच. त्याचा आवाज पूर्ण कमी असतो, किंवा तो शेजारच्या घरातल्या कुठल्या तरी ब्लूटूथला जोडलेला असतो आणि आपलं गाणं तिकडे वाजत असतं. शाळेचा कॉम्प्युटर असेल तर त्याच्या मागे रंगीत भोकं असतात. स्पीकरची पिन हिरव्यात जाते. गुलाबी भोक माइकचं असतं, निळं बाहेरचा आवाज आत घ्यायचं. झाडलोट करताना पिन निघते आणि कुणीतरी गुलाबीत खुपसतं, मग सेट ‘बिघडतो’.

हे सगळं बरोबर असेल तर दुसरा मोबाइल आणि दुसरी वायर लावून बघा. दुसऱ्या वायरीवर वाजलं, तर डबा चांगला आहे, वायर गेली. आम्ही आणखी एक करतो. मोबाइलची पिन काढतो, सेट चालू ठेवतो, आवाजाचं बटण अर्ध्यावर आणतो, आणि त्या मोकळ्या पिनेच्या टोकाला आधी टेस्टर लावतो. टेस्टर लुकलुकला तर तिथेच थांबायचं, डबा बंद करून जाणकाराकडे न्यायचा. नाही लुकलुकला, तर टोकाला बोट लावायचं. ‘घूंऽऽ’ असा आवाज स्पीकरमधून आला की समजायचं, तिथून पुढचा पाट वाहता आहे, दोष मोबाइलकडे आहे. काहीच नाही आलं तर दोष पिनेपासून पुढे, वायरीत नाहीतर डब्यात.

आता वायरीची एक गोष्ट सांगतो, कारण ती ऐकल्याशिवाय पटत नाही. शेजारच्या गावच्या एका गटाच्या ताई आमच्याकडे सेट घेऊन आल्या. त्यांच्या गटात १३ जणी, त्यातल्या सहा जणींना वाचता येत नाही. म्हणून त्यांनी एक चांगली पद्धत पाडली आहे. दर महिन्याला सचिव ताई पासबुक आणि वही पुढे ठेवून सगळा हिशेब मोबाइलवर बोलून ठेवतात. कुणी किती भरले, कुणाचं कर्ज किती फिटलं, व्याज किती राहिलं. बैठकीत तो स्पीकरवर दोनदा लावतात. तोंडी सांगितलं की मागाहून ‘असं म्हणाला नव्हतात’ होतं, रेकॉर्ड केलं की शब्द जागेवर राहतो. आम्हाला ही पद्धत इतकी आवडली की आम्हीही उचलली.

तर त्यांच्याकडे झालं असं, की हिशेब ऐकू येईना. नुसता हिशेब. भजन लावलं की वाजायचं. म्हणजे टाळ, पेटी लांबून आल्यासारखे, पण वाजायचे. हिशेब लावला की डबा गप्प, अगदी कान लावला तर भिंतीपलीकडून कुणी पुटपुटतंय असं वाटावं एवढंच. सचिव ताईंनी मोबाइल हातात धरून ऐकवला, पण जवळच्या चौघींना ऐकू गेला, मागच्यांना नाही. दोन महिने असं गेलं. मग कुजबूज सुरू झाली. गाणी वाजतात आणि पैशाचंच वाजत नाही, हे कसं? एका काकूंनी आठ हजारांचं कर्ज घेतलं होतं. आपले हप्ते नीट मांडले आहेत की नाहीत ते आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय पुढचा हप्ता भरणार नाही, असं त्यांनी बैठकीतच सांगितलं. सचिव ताई आमच्यासमोर बसल्या तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं. बरोबर आलेली दुसरी बाई मात्र सेटकडे बघत म्हणाली, “ह्याला काय झालंय ते सांगा, नाहीतर आमचा गट मोडतोय.”

आम्ही भजन लावलं. टाळ ऐकू आले, पेटी ऐकू आली. बुवा गायब! आणि मोठा वूफरचा डबा, ज्याच्यात मृदंग घुमायला हवा, तो मुका. हे लक्षण एकदा कळलं की विसरत नाही. गाण्यातली वाद्यं वाजतात आणि गाणारा नाहीसा होतो, तेव्हा पिनेतली तिसरी तार तुटलेली असते.

ते कसं, ते सांगतो. मोबाइलपासून डब्यापर्यंत येणारी वायर दिसायला एक, पण तिच्या पोटात तीन तारा असतात. एक डाव्या स्पीकरची, एक उजव्या स्पीकरची, आणि एक दोघांची मिळून परतीची. पिनेवर काळ्या कड्या असतात ना, त्यांनी तिचे तीन भाग पाडलेले असतात. टोक म्हणजे डावा, मधली पट्टी उजवा, आणि मागचा लांब भाग परतीचा. ही परतीची तार तुटली की डाव्याची वीज परत जायला वाट शोधते ती उजव्यातून, आणि उजव्याची डाव्यातून. दोघी समोरासमोर येतात. जात्याच्या खुंट्याला दोघींनी समोरासमोरून सारखाच जोर लावला, तर जातं फिरेल का? जागच्या जागी राहील. तसं, डाव्या-उजव्यात जे सारखं असतं ते एकमेकाला मारतं आणि जे वेगळं असतं तेवढंच उरतं. गाणं रेकॉर्ड करताना गाणाऱ्याचा आवाज बहुतेक मधोमध ठेवतात, म्हणजे दोन्हीकडे सारखा. तो जातो. वाद्यं थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे असतात, ती उरतात. वूफरला तर दोन्हींची बेरीज जाते, आणि इथे बेरीज शून्य होते. आणि सचिव ताईंचा हिशेब? तो एका माइकवर बोललेला, दोन्हीकडे तंतोतंत तोच. तो पुरताच पुसला गेला.

मीटर लावला. मीटरला एक ‘पीऽप’ वाजणारी खूण असते. तारेच्या दोन टोकांना दोन सुया लावल्या आणि पीऽप वाजलं की तार अखंड. या वायरीचं टोक ते टोक वाजलं, मधली पट्टी वाजली, मागचा भाग वाजेना. पिनेजवळ वायर वाकवली की मध्येच वाजायचं. म्हणजे तुटलंय ते पिनेच्या मानेत, जिथे वायर रोज वाकते. मीटर नसला तरी ही मान हलवून बघता येते, आवाज येतो-जातो का ते.

यावर सोपा उपाय म्हणजे नवीन वायर. पण काही सेटांची वायर डब्यातूनच निघते, सुटी नसते, तशीच ही होती. म्हणून मान कापून नवी पिन लावली. पिन वीस रुपयांची. तुम्ही कुणी करणार असाल तर क्रम लक्षात ठेवा. आधी पिनेचं टोपण वायरीत ओवून घ्यायचं, कारण डाख दिल्यावर ते मागून घालता येत नाही. मग वायर सोलायची. आतल्या तारा रंगीत दिसतात, बहुतेक लाल म्हणजे उजवा, हिरवी किंवा निळी म्हणजे डावा, आणि पिवळट तांब्याच्या रंगाची परतीची. रंग प्रत्येक कंपनीचे सारखेच असतील असं नाही, मीटरनं खात्री करावी. हा रंग म्हणजे तारेवरचा पातळ लेप असतो, तो असताना डाख बसत नाही. गरम सोल्डरच्या टोकावर तार जरा धरली की लेप जळतो आणि तांबं चकाकतं. मग डाख. आपला कल्हईवाला भांड्याला डाख देतो त्याच जातीचं काम, फक्त तांदळाच्या दाण्याएवढं. तिन्ही तारा एकमेकींना शिवत नाहीत ना ते बघून टोपण फिरवायचं.

त्याच टेबलावर तीन महिन्यांचा हिशेब लावला. वूफरसकट वाजला. सचिव ताईंनी सेट पिशवीत घातला आणि चहाही न घेता निघाल्या, पाच वाजता त्यांची बैठक होती. काकूंचे दोन्ही हप्ते मांडलेले होते. तिसरा त्यांनी त्याच दिवशी भरला, असं नंतर कळलं.

बाकीचे दोष याच्यापेक्षा साधे आहेत. एका बाजूचा छोटा स्पीकर बंद असेल तर अदलाबदल करा. डावा उजव्याच्या जागी लावा, उजवा डाव्याच्या. बंद असलेला स्पीकर दुसऱ्या जागीही बंदच राहिला तर दोष त्या स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत. त्या जागी लावलेला चांगला स्पीकरही गप्प झाला तर दोष डब्यात किंवा मोबाइलच्या वायरीत. स्पीकरची परीक्षा घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलनं होते. स्पीकर डब्यापासून पूर्ण सोडवायचा, त्याच्या दोन तारा सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायच्या. ‘खट्ट’ आवाज आला आणि पडदा हलला, तर स्पीकर जिवंत. अजिबात काही नाही, तर आतलं वेटोळं तुटलंय. मीटरवर बघायचं तर ज्याच्यावर ४ ओहम लिहिलंय तो साडेतीनच्या आसपास दाखवतो, तेवढं कमी असणं बरोबर आहे. स्पीकरच्या वायरी जोडताना लाल खुणेची लालला, काळी काळीला. उलट जोडलं तर आवाज येतो, पण पोकळ येतो. आणि दोन तारांना वेगवेगळी चिकटपट्टी लावा. दोन्ही एकाच पट्टीत गुंडाळल्या आणि आत त्यांचे केस एकमेकांना लागले, तर डब्यातली आयसी जाऊ शकते.

आवाजाचं बटण फिरवताना ‘खर्रखर्र’ होतं, एका जागी येतो, एका जागी जातो, असं असेल तर त्या बटणाच्या आत धूळ गेली आहे. आत कोळशासारखी काळी पट्टी असते आणि तिच्यावरून एक बारीक जीभ फिरते. इलेक्ट्रिकच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर नावाचा फवारा मिळतो. सेटची पिन काढून, बटणाच्या खालच्या फटीत तो जरासा मारायचा, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवायचं आणि वाळू द्यायचं. खोबरेल नको, शिलाई मशीनचं तेल नको, रॉकेल तर मुळीच नको. तेलानं चार दिवस बरं वाटतं, मग त्याच तेलाला धूळ चिकटते आणि बटण कायमचं जातं.

आणखी एक जागा आहे, ती बऱ्याच दुकानदारांच्याही लक्षात येत नाही. काही सेटांना पुढे हेडफोन लावायचं भोक असतं. तिथे हेडफोनची पिन घातली की स्पीकर बंद व्हावेत म्हणून आत एक पितळी पट्टी असते. पिन गेली की ती उचलली जाते, पिन निघाली की परत बसते. वर्षानुवर्षं कुणी हेडफोन लावत नाही, पट्टीवर काजळी धरते, आणि पिन नसतानाही डब्याला वाटतं की हेडफोन लावलाय. मग एक बाजू जाते किंवा दोन्ही. उपाय ऐकून हसाल. त्या भोकात एक पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करायची. घासून पट्टी साफ होते आणि आवाज येतो. आमच्याकडे एक सेट दोन गावं फिरून, ‘बोर्ड गेला’ असा शिक्का घेऊन आला होता. तो एवढ्यावर सुरू झाला.

आता जो सेट सुरुवातीला छान वाजतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी मावळतो, थंड झाला की परत वाजतो, त्याचं दुखणं उष्णतेचं आहे. अशा डब्यांत टीडीए २०३० नावाची पाच पायांची आयसी फार ठिकाणी सापडते. ती फार तापली की स्वतःला वाचवायला स्वतःच थांबते, तशी सोय तिच्यात केलेलीच असते. म्हणून आधी तिला वारा द्या. वरचं कापड काढा, फुलदाणी काढा, डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. तरीही तेच झालं तर उघडून बघावं लागतं. आयसी ज्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला टेकलेली असते त्याचा स्क्रू सैल झालेला असतो, नाहीतर मधला पांढरा लेप सुकून खपली झालेला असतो. स्क्रू आवळला, नवा लेप लावला, की पुष्कळदा काम होतं. दुसरं म्हणजे फुटलेला डाख. बोर्डाच्या मागच्या बाजूनं, आयसीच्या पायांभोवती आणि पिनेच्या भोकांभोवती भिंगातून बघा. डाखात केसाएवढी गोल चीर दिसते. गरम झालं की ती उघडते. डब्यावर टिचकी मारली की आवाज येतो-जातो, ती हीच. तिथे पुन्हा डाख द्यायचा.

आणि तिसरे ते कंडेन्सर. बोर्डावर उभे असलेले छोटे डबे. त्यांचं डोकं सपाट असायला हवं. भाकरी टम्म फुगली की आपण खूश होतो, कंडेन्सर फुगला की तो बदलायचा. त्याच्या आत पातळ पदार्थ असतो, तो उन्हाळ्यात आणि डब्यातल्या उष्णतेनं वर्षानुवर्षं सुकत जातो. आवाजाचं बटण शून्यावर असतानाही सतत ‘घूं’ चालू असेल तर बहुतेक मोठे दोन कंडेन्सर गेलेले असतात. बदलताना जुन्यावरचा आकडा वाचून तोच आणायचा. समजा २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट लिहिलंय, तर मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. अंगावर फिकट पट्टा असतो, त्या बाजूचा पाय ऋण. उलटा लावला तर फटाक्यासारखा फुटतो, तोंड जवळ नेऊन बघण्याची वस्तू नव्हे.

हे शेवटचं काम सगळ्यांनी करावं असं आम्ही म्हणत नाही. पण दुकानात नेताना ‘बंद आहे’ एवढंच सांगू नका. ‘वीस मिनिटांनी जातो, थंड झाला की येतो, डावा-उजवा बदलून बघितला, वायर बदलून बघितली’ असं सांगा. मग बोलण्याचा सूर बदलतो. काय बदलणार ते आधी विचारा आणि काढलेला जुना भाग परत मागा. कंडेन्सर, आयसी या काही दहा-वीस, तीस-चाळीस रुपयांच्या वस्तू आहेत, मजुरी वेगळी. ती द्यायला हरकत नाही, त्याच्या हातात कसब आहे. ट्रान्सफॉर्मर जळला असेल आणि वूफरचा पडदाही फाटला असेल, तर मात्र खर्च करू नका, तो सेट सुट्या भागांसाठी ठेवा.

जाता जाता खोक्यावरच्या आकड्यांबद्दल. ‘५००० वॅट पीएमपीओ’ असं छापलेलं असतं आणि मग आपण तो लग्नाच्या मांडवात नेतो. आतल्या ट्रान्सफॉर्मरवर बघा, १२ व्होल्ट २ अँपियर असेल, तर गुणाकार करा, २४ वॅट झाले. त्यापेक्षा जास्त तो आणणार कुठून? हा खोलीतला स्पीकर आहे. उघड्या मैदानात बटण शेवटपर्यंत पिळून तीन तास वाजवला की आयसी तरी जाते नाहीतर स्पीकरचं वेटोळं. मांडवाला भाड्याचा आणावा.

रोहिणी-मृगाच्या विजा सुरू झाल्या की काम झाल्यावर पिन सॉकेटातून काढून ठेवत जा. रात्री लाईट जाऊन येते तेव्हा दाब वर-खाली होतो, त्यातही हेच. आणि वूफरच्या मागे जे गोल भोक असतं ना, ते हवेसाठी असतं, उंदरासाठी नाही. त्यावर बारीक जाळी लावा. ती इतकी घट्ट नको की हवाच अडेल. मेलेल्या सेटच्या वायरी तांब्यासाठी चुलीत जाळू नका, तो धूर विषारी असतो. वायरी सोलूनही तांबं निघतं.

मंगळवारी दुपारी दोन ते पाच आम्ही खोलीत असतो. सेट आणताना नुसता डबा आणू नका. त्याच्या सगळ्या वायरी, दोन्ही छोटे स्पीकर, आणि ज्या मोबाइलवर तो लावता तो मोबाइलसुद्धा बरोबर आणा. नव्या मोबाइलला गोल पिनेचं भोक नसेल, तर त्याचा छोटा जोड आमच्याकडे आहे, तो लावून बघू.